बहात्तर ते छत्तीस

"तो पांढऱ्या केसांचा पोरगा शेवटी मेला गं बिचारा," मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, आणि केतकीच्या हातातला ‘मांगा’ या जपानी चित्रकथामालिकेचा छत्तिसावा भाग गळून पडला.

सहा वर्षं तिने जिवाचा आटापिटा केला होता. मूल झालं, वाचन मागे पडलं, पण शेवट कानावर येऊ नये म्हणून तिने मैत्रिणींचे ग्रुप सोडले, एका वाढदिवसाच्या पार्टीतून तर केक न खाताच पळ काढला. आणि फितुरी झाली ती घरात, मेथीच्या जुडीआडून!

"आई, तुम्ही कधी वाचलंत हे?"

"तूच म्हणालीस ना, ही जपानी पुस्तकं मागून पुढे वाचायची? म्हणून कपाटातला शेवटचा भाग आधी घेतला. बहात्तर, एकाहत्तर करत काल सदतीस संपवला. आता तुझ्या हातून पडला तो दे."

"अहो, प्रत्येक पुस्तकाची पानं उलटी असतात, भाग नव्हे!" केतकीने कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही तोंडांनी बोगदा खणत दोघी बरोब्बर मधोमध भेटल्या होत्या.

"यापुढे एक अक्षर सांगायचं नाही," ती गुरगुरली.

"नाही सांगत, बाई. तूच मला सांग. एवढी माणसं मेली, गावंच्या गावं जळली, ते भांडण मुळात पेटलं कशावरून? तेवढ्यापायी तर मी मागे मागे येतेय."

केतकीने तावातावाने तोंड उघडलं. पण सहा वर्षांपूर्वी वाचलेलं ते कारण काही केल्या आठवेना. मग ती उठली आणि पहिला भाग काढायला कपाटाकडे गेली.