शिट्टी होईपर्यंत

बाळ डॅडींच्या हातात द्यायला लेटिशियाचं धाडस होईना.

"त्यांना मीसुद्धा आठवत नाही, मम्मा. पाडतील गं."

"दे," ओडेसा म्हणाली. "कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळताना एकदा रॉस्कोच्या हातून चेंडू निसटला, तर कोचनं त्याला आठवडाभर चेंडू काखेत घेऊनच फिरवलं, चर्चमध्येसुद्धा. पोरं हिसकायला टपलेली. पुढं मोठ्या संघात धडका खाऊन खाऊन डोकं गेलं, पण पंचाची शिट्टी होईपर्यंत चेंडू कधी सुटला नाही."

रॉस्कोनं बाळ छातीशी धरलं, वर दुसरा पंजा ठेवला.

लेकीनं परत घ्यायला हात पुढे करताच त्यानं बाळ झटकन दुसऱ्या कुशीत घेतलं आणि तिच्याकडे पाठ केली.

ओडेसानं हलकेच शिट्टी वाजवली. तो थांबला. मग लेकीच्या चेहऱ्याकडे न बघता त्यानं बाळ तिच्या हाती दिलं, पंचाला चेंडू द्यावा तसं.