दुसऱ्या कडव्यानंतरचा बेंजो

इलाही खोलीत शिरला आणि खिजरनं लॅपटॉप खाडकन मिटला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

"काय चाललंय?"

"काय न्हाय, अब्बा. गाणं बसवतोय."

गाणं बसवायला लपवाछपवी कशाला लागते? इलाहीच्या मनात पाल चुकचुकली.

उचगावात बेंजोवाला इलाही म्हटलं की कुणीही घर दाखवायचं, आणि ते एका गाण्यामुळं. नऊ वर्षांपूर्वी वरातीच्या एका गाण्यासाठी त्याला स्टुडिओत बोलावलं होतं. दुसऱ्या कडव्यानंतर त्यानं अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजवला, पाठ थोपटून घेतली आणि घरी आला. गाणं असं गाजलं की त्याच्याशिवाय जिल्ह्यात वरात हलेना. डॉल्बीपुढं पोरं नाचायला लागली की इलाही शेजारच्याला कोपरानं ढोसायचा, "आता ऐका. ह्यो मी." त्या दणदणाटात शेजारच्याला काय ऐकू येणार? तो आपला मान डोलवायचा. इलाहीला मात्र स्वतःचा बेंजो दर वेळी बरोबर ऐकू यायचा.

खिजरचं खूळ वेगळं होतं. असलंच एखादं पन्नास वाद्यांचं दणकेबाज गाणं घ्यायचं, सोलून काढायचं आणि एक गिटार, एक गळा एवढ्यावर उभं करायचं. त्यासाठी तो लॅपटॉपवर एकेक वाद्य वेगळं काढून ऐकायचा आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते कागदावर लिहायचा. रविवारी राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉलात त्याचा कार्यक्रम होता. शेवटचं गाणं ते वरातीचंच होतं.

खिजर बाहेर गेल्यावर इलाहीनं तो कागद उघडला. बापानं पोराचे कागद चाळणं बरं नव्हे, पण त्याला राहवेना. ढोल, टाकायचा. कोरस, टाकायचा. व्हायोलिन, टाकायचं. सगळ्यात खाली बेंजो, आणि त्याच्यापुढं नुसतं प्रश्नचिन्ह.

इलाहीच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुजा ल्योक माजं नाव पुसाय निघालाय," त्यानं मेहमुदाला सुनावलं.

"तुमास्नी कायबी दिसतंय," भाकरी थापता थापता ती म्हणाली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तर कहर झाला. खिजर घरामागं परड्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, "मिळत नसंल तर ऱ्हाऊ दे मग. पण ह्यातलं अब्बांच्या कानावर जाऊ देऊ नगासा." आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? इलाहीनं ठरवून टाकलं. रविवारी जायचं, मागच्या रांगेत बसायचं. आपला तुकडा आला नाही, तर भर कार्यक्रमातून उठायचं आणि पुन्हा या पोराशी बोलायचं नाही.

रविवारी शेवटचं गाणं सुरू झालं. ढोल नव्हता, कोरस नव्हता. ज्या गाण्यावर गावंच्या गावं नाचली ते आतून एवढं हळवं आहे, हे इलाहीला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. पण त्याचं लक्ष गाण्यात कुठं होतं? दुसरं कडवं संपत आलं, तशी त्यानं खुर्ची घट्ट धरली.

आणि गिटारवर त्याचा तुकडा आला. सूर न् सूर तोच. शेवटी इलाही जिथं हमखास जरा रेंगाळायचा, तिथं पोरगाही रेंगाळला. इलाहीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कसलं कसलं मनात आणलं आपण! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर तो खिजरजवळ पोचला, तेव्हा क्रांती नावाची कॉलेजातली एक पोरगी त्याच्याशी बोलत होती. "भारी झालं, दादा. पर दुसऱ्या कडव्यानंतर काय वाजवलासा? मूळ गाण्यात ते न्हाय की."

"न्हाय कसं?" इलाही मध्येच म्हणाला. "माजा बेंजो हाय त्यो. डॉल्बीत दबतोय. नीट ऐक, पोरी."

"शंभरदा ऐकलंय, चाचा. हे बघा." तिनं फोनवर गाणं लावलं आणि इअरफोन त्याच्या हातात दिले. खिजर पुढं झाला, तोवर इलाहीनं ते कानात घातलेही होते.

दुसरं कडवं संपलं. ढोल आला. त्याच्यावर व्हायोलिनं आली. तिसरं कडवं सुरू झालं. इलाहीनं गाणं मागं घ्यायला लावलं आणि परत ऐकलं. मग इअरफोन काढून तिच्या हातात दिले.

"माजा बेंजो कुटं गेला रं?" त्यानं हळूच विचारलं.

खिजरनं बापाचा हात धरला.

"स्टुडिओवाल्यांनी तवाच काढून टाकला हुता, अब्बा. मी परत घातलाय."