चार बोटं खिडकी

आधी वास आला. मग गुंडाळी निम्मी उलगडली आणि छोट्या मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. कापडावर काळे ठिपके पसरले होते. शाळा, विहीर, वरची आळी, सगळ्यावर बुरशी.

हा नकाशा म्हणजे त्या लहानशा संग्रहालयाचा जीव. धरणाखाली गेलेलं एक गाव, सुईदोऱ्यानं भरलेलं. गाव उठलं तेव्हा प्रत्येक घरच्या बाईनं आपापलं घर स्वतःच्या हातानं भरलं होतं. दुसरी प्रत नाही, धड फोटो नाही. पुढच्या महिन्यात तो परदेशातल्या प्रदर्शनात जायचा होता, आणि घेऊन जाणार होत्या छोट्या मॅडम. संग्रहालयाचे साहेब मोठे, म्हणून त्यांच्या हाताखालच्या या छोट्या. बाकी तोरा काही छोटा नव्हता.

होणारच होता म्हणा. देवाणघेवाणीच्या योजनेत तीन महिने तिकडच्या मोठ्या संग्रहालयात शिकून आल्या होत्या. आल्या त्या हातमोजे, प्रमाणपत्र आणि एक वाक्य घेऊन: "तिकडे असं चालत नाही." भांडारात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा त्यांना दिसल्या त्या उघड्या खिडक्या. आठ दिवसांत चारही खिडक्या पक्क्या बुजवल्या. हवा कोरडी ठेवणारं यंत्र बसवलं. यंत्रावर हिरवा दिवा होता. वीज असेपर्यंत तो लागायचासुद्धा. तिकडच्या भिंती कोरड्या होत्या. इथली मागची भिंत पाण्याच्या टाकीला चिकटलेली. हे मॅडमना कुणी सांगितलं नाही असं नाही. खिडकीकाकांनी सांगितलं होतं.

काका सत्तावीस वर्षं भांडार सांभाळत होते. सकाळी तळहाताची मागची बाजू भिंतीला लावायची, गालाला कापडाचं टोक लावायचं, आणि मग ठरवायचं कुठली खिडकी किती उघडायची. दोन बोटं, कधी चार. त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून वहीत नुसत्या उभ्या रेघा. एका बोटाला एक रेघ, एका खिडकीला एक ओळ, एका दिवसाला एक पान. मॅडम आल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा मोठ्या मानानं त्यांच्यापुढे ठेवला.

"काका, या काय रेघोट्या? बोटं हे काय माप झालं?" मॅडम हसल्या. गठ्ठा रद्दीत गेला. काका फाटकावर पहाऱ्याला गेले.

मॅडम तिकडे होत्या तेव्हा त्याच योजनेत तिकडची एक मुलगी इकडे आली होती. तिला आपल्या भाषेतलं अक्षरही येत नव्हतं. तीन महिने ती काकांच्या मागे-मागे फिरली, त्यांच्यासारखी गाल लावून कापड बघायला शिकली. मॅडम परतल्या तेव्हा ती निघायच्या बेतात होती. जाताना रद्दीकडे बोट दाखवून तिनं खुणेनंच विचारलं, नेऊ का? "ने बाई, तेवढंच ओझं कमी," मॅडम म्हणाल्या. पाहुणीला रेघा वाचता आल्या. रेघांना कुठली आलीय भाषा!

काल तिचा मेल आला होता. काकांच्या वह्या तिकडे काचेच्या पेटीत. नव्या शिकाऊंच्या अभ्यासक्रमात त्यांचा एक धडा. शेजारी तक्ता: एक रेघ, एकोणीस मिलिमीटर. मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेल त्यांनी अर्धाच वाचून बंद केला होता.

आणि आज ही बुरशी.

मॅडम जिने उतरून फाटकाकडे अक्षरशः धावल्या. काका हातातला चहा ठेवून लगेच उठले. एक शब्द वावगा नाही. वर आले, बुजवलेल्या खिडक्यांकडे बघितलं, नकाशाजवळ वाकले. वरच्या आळीतलं तिसरं घर त्यांच्या आईनं भरलेलं होतं. त्यावर हाताची मागची बाजू टेकवली. दोरा चिकटून हातालाच आला.

"गेलं हे," काका म्हणाले. "एकदा पाण्यानं नेलं, आता परत पाण्यानंच."

मॅडमना रडू फुटलं. खरंखुरं, नाक ओढत. "काका, तुम्ही मला अडवलं का नाहीत?"

"वह्या दिल्या होत्या की."

खोलीत अजून तीनशे कापडं होती. मॅडमनी डोळे पुसले. कामगाराला हाक मारून खिडक्या फोडायला सांगितल्या, मोबाईलवर कालचा मेल उघडला. 

"निदान बाकीचं तरी वाचवू. ती लिहितेय, रेघ म्हणजे एकोणीस मिलिमीटर. तुमच्या वहीत तर आकडाच नव्हता. तिला कुठून कळलं हो हे?"

काकांनी आपला पंजा उलटा-सुलटा करून बघितला.

"त्या पोरीनं पट्टी लावून माझं एकेक बोट मोजलं, मॅडम. तुम्ही मला फाटकावर पाठवताना नुसता अंगठा घेतलात."