पाळत

प्रेम वळला तशा पंचशीलाबाई खांबाआड झाल्या. लेकीचा गॉगल त्यांनी नाकावर घट्ट दाबला आणि पदर तोंडावर ओढला. दुबईच्या मेट्रो स्टेशनात त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

हे काम भोकरच्या महामायानं, प्रेमच्या आईनं, गळ्यात घातलं होतं. आधी शेजारीण, मग मैत्रीण. फोनवर म्हणाली, "प्रेमचं लग्न जमवायचंय. तिकडं कुणासंगं फिरून राहिला, काय खातो-पितो, मला कसं कळावं? तू तिथंच हायस. बघ जरा."

"मला न्हाई जमायचं," पंचशीलाबाई म्हणाल्या. नवरा रविकांत गेल्यावर लेक साक्षीनं त्यांना दुबईला आणलं, तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून बसून होत्या. साक्षी फिरायला चल म्हणाली की त्यांचे गुडघे दुखायचे.

"मंग माझं पोरगं वाया गेलं तर जाऊ दे," महामाया म्हणाली.

म्हणून आज रविवारी त्या निघाल्या होत्या.

पोरगं मात्र पाळत ठेवायला सोपं होतं. रमतगमत चालायचं. मेट्रोच्या गेटात त्यांचं कार्ड चालेना, तेव्हा नेमका त्याला फोन आला. मसाल्याच्या बाजारात तो दुकानादुकानापाशी थांबला. तिथल्या मिरचीला धर्माबादच्या मिरचीची सर नाही, हे पंचशीलाबाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

मग तो खाडीवर गेला आणि लाकडी नावेत बसला. पंचशीलाबाई काठावर घुटमळल्या. नाव सुटायला आली तशा धीर करून चढल्या आणि शेवटच्या फळीवर बसल्या.

"मावशी, जय भीम. इकडं सरका, तिथं पाणी उडतंय," प्रेम मागं न बघताच म्हणाला.

पंचशीलाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. आता भोकरला कोणतं तोंड दाखवायचं?

"तुझ्या आईनंच धाडलं मला बाबा."

"हाव. मलाबी तिचाच हुकूम हाय. म्हणली, रविकांतकाका गेल्यापासून मावशी उंबरा ओलांडून न्हाई राहिल्या. हळू चाल, मागं बघू नको, अन् पाणी दाखवल्याबिगर घरी जाऊ देऊ नको."

पंचशीलाबाईंनी गॉगल काढला. नावेवर पांढरे पक्षी फिरत होते.

संध्याकाळी महामायाचा फोन आला. "काय खबर?"

"पोराचं काही खरं दिसंना," पंचशीलाबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारीबी मागं जावं लागंल."