म्याकलांची आकृती

सरोज चिप्पा खरवडणी घेऊन भिंतीशी आली आणि थबकली. यादीतला माणूस हिरवागार होता.

सोलापूरच्या या गल्लीत कलाकारांनी भिंतींवर लावलेलं शेवाळ माणसाच्या श्वासावर वाढायचं. जो रोज समोर उभा राही, त्याची आकृती तिथे उगवायची आणि तोंडाच्या जागी रोज श्वास मिळत राहीपर्यंत टिकायची. श्वास थांबला की महिन्याभरात ती वाळे. वाळलेली आकृती खरवडून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करणं हे सरोजचं काम.

व्यंकटेश म्याकल चार महिन्यांपूर्वी वारले होते. भिंतीवर मात्र त्यांचे रुंद खांदे आणि किंचित कललेली मान, सगळं ताजं होतं.

"यांचं राहू दे की," त्यांच्या पत्नी अंबूबाई दारातून म्हणाल्या. "भिंतीलाच सोडवत नसेल त्यांना."

"भिंतीला काय कळतंय, मावशी."

सरोज खाली वाकली. भिंतीच्या बुडाशी ओल्या मातीत चार खोल खळगे पडले होते, स्टुलाच्या पायांएवढे. तिने वर म्याकलांच्या तोंडाकडे पाहिलं, मग अंबूबाईंकडे. त्या तिच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

तिने यादीत म्याकलांच्या नावापुढे 'रोज येतात' असं लिहिलं आणि पायाने माती सारून खळगे बुजवले.

"उद्यापासून स्टुलाखाली फळी घाला," खरवडणी पिशवीत टाकत ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तपासायला दुसरं कुणी येणार आहे."