एकमताने

आमदार रघुनंदन सांगत होते की, विधेयक मतदानाला आलं त्या क्षणी ते आणि त्यांचे सगळे सहकारी उठले आणि सभागृहाबाहेर निघून गेले. विरोधी पक्षाचा एकही माणूस आत उरला नाही. "सगळ्या खुर्च्या रिकाम्या," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि होसकोटे रस्त्यावरच्या मराठी समाजाच्या त्या छोट्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

कमलाबाईंनी टाळी वाजवली नाही. बेंगळुरूच्या कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना एक खोड जडली होती: कुणी काही केलं म्हणालं की त्याचा परिणाम कुठे दिसतो, ते आधी पाहायचं. इथे तो दिसत नव्हता. बाकं रिकामी झाल्यावर विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. 'नाही' म्हणायला आत आवाजच नव्हता. बसून राहिले असते तर मतविभागणी मागता आली असती. हरलेच असते, हे कमलाबाईंनाही ठाऊक होतं. पण हरल्याची नोंद झाली असती. मोजून शून्य येणं आणि मोजलंच नसणं, या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नव्हत्या.

विधेयक राजकालुवेचं होतं. पावसाचं पाणी तळ्यात नेणारा हा मोठा नाला त्यांच्या घरामागून जात होता, आणि तो बुजवून वर रस्ता करायची मुभा आता मिळाली होती. पाण्याला कुणी विचारलं नव्हतं. ते उताराने येणार होतं, आणि उताराच्या टोकाला, तळमजल्यावर, हयवदनरावांची खाट होती. अर्धांगवायू झाल्यापासून कमलाबाईंचे यजमान त्या खाटेवरच होते. गेल्या पावसाळ्यात पाणी उंबरठ्याच्या आत आलं तेव्हा शेजारच्या पोरांनी त्यांना खाटेसकट उचलून जिन्याच्या वळणापर्यंत नेलं. "वरात काढताय की काय माझी," असं ते म्हणाले आणि सगळे हसले. फक्त कमलाबाई भिंतीवर चढणारी ओल पाहत होत्या.

कुणाला काही विचारायचं आहे का, असं व्यासपीठावरून म्हटलं गेलं, तेव्हा त्या उठल्या.

"तुम्ही बाहेर गेलात. त्याने काय झालं?"

"अक्का, वॉकआउट म्हणजे सगळ्यांत तीव्र निषेध."

"तीव्र म्हणजे किती? मोजायचा कशात?"

हशा पिकला. रघुनंदनही हसले, माणूस वाईट नव्हता. मंत्र्यांशी संबंध राखावे लागतात, भांडून कामं होत नाहीत, या हॉलवरचं छप्परसुद्धा अशा संबंधांतूनच आलं, असं त्यांनी समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. छप्पर खरोखरच चांगलं होतं.

"आत बसून नाही म्हणायला काय हरकत होती?"

रघुनंदनांनी आवाज खाली आणला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "कशाला उगाच वाईटपणा, अक्का."

कमलाबाईंनी पर्स उचलली आणि त्या रांगेतून बाहेर पडल्या. कुणी अडवलं नाही. दाराशी येऊन त्यांनी एक पाय चपलेत घातला आणि मागे वळून पाहिलं. त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी सत्काराची फळांची टोपली ठेवली होती. कार्यक्रम पुढे सुरू झाला होता, जरा जास्तच सुरळीत. एखादा प्रयोग तपासावा तसं त्यांनी स्वतःकडे पाहिलं. त्या बाहेर होत्या. आत काहीही बदललं नव्हतं.

त्यांनी चपलेतून पाय काढला, परत गेल्या, टोपली जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत बसल्या.

आमदारांना शाल आणि चंदनाचा हार घालून झाला. डोक्यावर म्हैसूरचा पेटा चढवला गेला. तो किंचित सैल होता. समाजाचे अध्यक्ष त्रिविक्रमराव यांनी, विधानसभेतल्या निर्भीड विरोधाबद्दल आमदारांचं अभिनंदन करणारा ठराव वाचला. मग नेहमीप्रमाणे कुणाकडेही न पाहता विचारलं, "सरी ना, चालेल ना? एकमताने?" उत्तराची वाट पाहायची इथे पद्धत नव्हती. ते कागदाची घडी घालू लागले.

कमलाबाईंचा उजवा खांदा आखडलेला होता. त्यांनी डावा हात वर केला.

"काही विचारायचं राहिलं का, अक्का?"

"विचारायचं नाही. माझा विरोध आहे."

त्रिविक्रमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विरोध आला तर पुढे काय करायचं, ते त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून केसरीभाताचा वास येत होता.

चिटणीस श्रीहरी वाकून, जवळजवळ रांगतच, रांगेत शिरला. गेल्या पावसाळ्यात हयवदनरावांच्या खाटेचा एक पाय त्याच्याच खांद्यावर होता.

"अक्का," तो कानाशी कुजबुजला, "स्वल्प बाहेर जाऊन या की. दोन मिनिटं. काफी तयार आहे. म्हणजे एकमताने झालं, असं होईल. मग या परत, काय."

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तो खरंच त्यांची सोय पाहत होता.

हात भरून आला होता. कमलाबाईंनी दुखऱ्या उजव्या हाताचा आधार डाव्या कोपराखाली दिला आणि तो हात तसाच वर ठेवला.

व्यासपीठावर रघुनंदन त्या हाताकडे पाहत राहिले. पेटा घसरून भुवयांवर आला होता. मग, सवयीने, त्यांची नजर दाराकडे गेली.