अकरावा निवडुंग

बोट लावलं तर ते निवडुंगाच्या बुडात सरळ आत गेलं, पिकल्या केळ्यात जावं तसं. व्हॉल्व्हमननं बोट टॉवेलला पुसलं.

"हाही गेला," तो स्वतःशीच म्हणाला. हा अकरावा.

मुलगी गुरुवारी येणार होती, दोन वर्षांनी. आज मंगळवार.

पहिला निवडुंग तिनंच दिला होता, परदेशी जायच्या आदल्या दिवशी. तिची आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत व्हॉल्व्हमननं उंबरठा ओलांडला नव्हता. दूध, भाजी, औषध, सगळं मुलगीच आणायची. मागच्या फरशीवर कुंडी ठेवून ती म्हणाली, "बाबा, याचे काही लाड नाहीत. पंधरा दिवसांनी कपभर पाणी. दर रविवारी फोटो पाठवा. हा बरा, तर तुम्ही बरे, असं मी समजेन."

आता बोला. ज्यानं पस्तीस वर्षं पहाटे पाचला अर्ध्या शहराला पाणी सोडलं, त्याला ही सांगते पंधरा दिवसांनी. चावी फिरवायला दहा मिनिटं उशीर झाला, की गल्लीतल्या बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. निवृत्त झाला तरी पाचला डोळा उघडायचाच. हात शिवशिवायचे. आणि घरात पाण्याची वाट बघणारं आता एकच उरलं होतं, ते कुंडीत. तो लाल मग भरायचा आणि ओतायचा. काटे असले म्हणून काय झालं, तहान लागतच असेल की.

पहिला दीड महिन्यात कुजला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. रविवारचा तो सात मिनिटांचा फोन, त्यावर आठवडा निघायचा. मग कुंडीवर नाव होतं त्या दोन स्टॉपवरच्या नर्सरीत जाऊन त्यानं तसाच दुसरा आणला, जरासा मोठा. फोटो पाठवला.

"वाढला की, बाबा," मुलगी म्हणाली.

तेव्हापासून हे चालू होतं. नर्सरीवाली बाई बोलकी. आज वाळू न्या, उद्या कुंडी बदलायला आणा, असं काहीतरी काढून ती त्याला मध्येच बोलावून घ्यायची. गेल्या गेल्या तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "चालत आलात ना, काका?"

आजही तिनं तेच विचारलं.

"चालतच," तो म्हणाला. आज मात्र नुसता निवडुंग चालणार नव्हता. या रविवारच्या फोटोत निवडुंगाला डाव्या अंगाला लिंबाएवढं पिल्लू फुटलेलं दिसत होतं. मुलगी हरखून गेली होती. तसंच पिल्लू आता कुठून आणायचं?

तो काही बोलायच्या आत बाई मागच्या शेडमध्ये गेली आणि एक कुंडी घेऊन आली. तेवढीच उंची. डावीकडे लिंबाएवढं पिल्लू.

त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको बाई. पोरीच्या डोळ्यांत बघून नाही जमायचं खोटं बोलायला. दोन वर्षं फसवतोय मी तिला. तिनं एक झाड सांभाळायला दिलं, तेही धड झालं नाही. कळलं तर फोनसुद्धा करायची नाही." त्यानं नजर त्या पिल्लावरच ठेवली. "तेवढा एकच फोन येतो हो मला."

बाईनं कुंडी खाली ठेवून हात झटकले, मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर धरला. रविवारचाच फोटो होता. त्याची फरशी, कोपऱ्यात त्याचा लाल मग.

"हा तुमच्याकडे कसा?"

"दर रविवारी पाठवते ती. पुढचा केवढा तयार ठेवायचा ते मला कळायला नको?"

तो उपड्या कुंडीवर बसला. "म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून?"

"पहिला घ्यायला आली तेव्हापासून," बाई म्हणाली. "इथंच उभी राहून विचारत होती, रोज पाणी घातलं तर नक्की मरेल, असं झाड कोणतं?"